प्रभुदासचं विरजण

प्रभुदासवर कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असं प्राचार्यांनी सांगितलं तेव्हा मी दोन पानं खरडून दिली. निष्ठा, सेवाभाव, निगर्वी स्वभाव, असले शब्द घातले. छापूनही आलं. हे ते लिखाण नव्हे. ती दोन पानं लिहिताना माझ्या पोटात जे दुखत होतं त्यातलं एक अक्षरही अंकात गेलं नाही, म्हणून हे वेगळं लिहायला बसले आहे.

मी पंकजा. नगरच्या एका कॉलेजात तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आहे. आता विभागप्रमुख आहे आणि पुढच्या वर्षी निवृत्त होईन. प्रभुदास आमच्या प्रयोगशाळेचा परिचर. काचसामान धुवायचं, कुकर लावायचा, मुलांच्या टेबलावर साहित्य मांडायचं, ही त्याची कामं. आम्ही ज्याला ऑटोक्लेव्ह म्हणतो त्याला तो पहिल्या दिवसापासून कुकर म्हणतो, आणि खरं सांगायचं तर ते यंत्र म्हणजे मोठा प्रेशर कुकरच असतो. सगळं त्यात वाफेवर उकडून निर्जंतुक करायचं.

तो सोनईजवळच्या एका वाडीतला. घरात चार पिढ्यांपासून ख्रिस्ती धर्म, पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, वडील मात्र शेतमजूर. हा दहावी झाला आणि एका ओळखीच्या पाळकांच्या चिठ्ठीवर नगरला आला. उंच, किडकिडीत, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. धुतलेली प्रत्येक काच उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायची त्याची सवय. काम करताना चर्चमधलं एखादं गीत तोंडातल्या तोंडात चालू असायचं. आणि माणूस काहीही फेकायचा नाही. टवका उडालेली भांडी, बुचं, रिकाम्या बाटल्या, सगळं कुठल्यातरी खोक्यात जपून ठेवलेलं. मी त्याला भंगारवाला म्हणायचे. तो हसायचा.

आता मुद्द्याचं. १९९७च्या मे महिन्यात मी काष्टीला माहेरी गेले होते. तिथून येताना वडिलांच्या लिंबाच्या बागेतली मूठभर माती घेऊन आले आणि तिच्यातून एक जिवाणू वेगळा काढला. गवतात, मातीत कुठंही सापडतो तसलाच, कुणाला काही अपाय न करणारा. पण होता मोठा चपळ. पाण्यात सरासरा पोहायचा. खायला संपलं की स्वतःभोवती जाड कवच करून झोपून जायचा. अशा झोपलेल्या जिवाणूला आम्ही स्पोअर म्हणतो. स्पोअर वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो आणि पाणी नि खाणं मिळालं की पुन्हा उठतो. मी त्याला का-७ नाव दिलं. का म्हणजे काष्टी.

हे स्पोअर मी निर्जंतुक केलेल्या कोरड्या मातीत मिसळून चार छोट्या ट्यूब भरल्या आणि वरून मेण लावून बंद केल्या. एकीचा काठ फुटका निघाला. ती फेकून द्या म्हणून प्रभुदासकडे दिली. तीन माझ्या लोखंडी कपाटात गेल्या. त्याला नियमही सांगितला. दर जूनमध्ये या मातीतून थोडी काढून नवं कल्चर वाढवायचं, वर्षभर मुलांच्या प्रॅक्टिकलला वापरायचं, वर्ष संपलं की जुनं ओतून टाकायचं. कल्चर म्हणजे नळीत वाढवलेले जिवाणू. त्याने मान हलवली. मी पुन्हा कधी विचारलं नाही, कारण जूनमध्ये कल्चर टेबलावर तयार असायचं आणि मला त्याच्याशीच कर्तव्य होतं.

प्रत्यक्षात प्रभुदासने तो नियम एकदाही पाळला नाही. जुनं ओतून टाकायचं ही गोष्ट त्याच्या हातून होणारच नव्हती. त्याच्या आईने लग्नात माहेरून विरजण आणलं होतं आणि मरेपर्यंत मोडू दिलं नव्हतं. रोज त्यातलं चमचाभर नव्या दुधात. त्याच्या घरात विरजण मोडणं म्हणजे घरावर काहीतरी येणार असं धरत. त्याने तीच रीत का-७ला लावली. रोज सकाळी साडेआठला जुन्या नळीतला एक थेंब नव्या नळीत टाकायचा आणि मगच जुनी नळी कुकरला. रविवारी चर्च सुटलं की त्याची सायकल कॉलेजकडे वळायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत नळी खिशातून घरी जायची. बाजारातलं जिवाणूंचं खाद्य महाग, ते वर्षातले चार महिने संपलेलंच असायचं. मग हा घरून हुलग्याचं कढण करून आणायचा, फडक्यातून दोनदा गाळून, चिमूटभर मीठ घालून. पुढे पुढे त्याने विकतचं वापरणंच सोडलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्या टेबलापासून बारा फुटांवर हे चाललं होतं.

२००९ साली विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आले. प्रश्न होता स्पोअर रंगवून दाखवा. हिरवा रंग कवचात शिरून बसतो, बाकीचा जिवाणू तांबडा दिसतो. फार सोपा प्रयोग. बावीस मुलांनी काचपट्ट्या लावल्या आणि बावीसच्या बावीस नुसत्या तांबड्या. हिरवा ठिपका औषधालाही नाही. परीक्षक सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढून म्हणाले, “मॅडम, तुमचे स्पोअर सुट्टीवर गेलेत का?” मुलं हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी प्रभुदासला तिथेच, सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. एरवी मी त्याला तुम्ही म्हणते, त्या दिवशी तू वर आले.

“तू कल्चर घाण केलंस. आत्ताच्या आत्ता ओतून टाक सगळं.”

तो हात पुसत शांतपणे म्हणाला, “घाण न्हाई झालं मॅडम. त्येंला आता निजायची गरजच ऱ्हायली न्हाई. रोज सकाळी खायला मिळतंय.”

“तू मला शिकवू नकोस,” मी म्हणाले.

हे वाक्य मी लिहून ठेवते आहे, कारण गेल्या वर्षभरात ते मला रोज आठवतं. दहावी शिकलेल्या परिचराने मला त्या दिवशी एक शोध हातावर ठेवला होता. मी नुसतं त्या नळीकडे नीट बघितलं असतं तरी पुरे होतं. मी बघितलं नाही. पुढच्या वर्षापासून प्रॅक्टिकलला पुण्याहून विकतचं कल्चर मागवायला लागले. आणि प्रभुदासने ओतून टाकलं असेल असं धरून चालले. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो असा.

त्या बावीस मुलांत धनश्री होती. स्पोअर दिसले नाहीत म्हणून तिचे सहा मार्क गेले होते आणि ते ती विसरली नाही. आता ती पुण्यात एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहे. मागच्या वर्षी फेब्रुवारीत ती कॉलेजात आली. माझ्या पाया पडली, आणि मग थेट मागच्या मोरीपाशी जाऊन म्हणाली, “प्रभुदासकाका, ते झोप न येणारं कल्चर अजून आहे का हो?”

त्याला काका आणि मला मॅडम. पहिली ठिणगी तिथेच पडली, खोटं कशाला बोलू.

“हाय की. जाईल कुठं,” तो म्हणाला, आणि खिडकीतली नळी काढून तिला दाखवली. मग त्याने तिला घरी नेलं. मीही गेले, कारण मला राहवलं नाही. चर्चमागच्या बोळात दोन खोल्या, आणि भिंतीवर एका खिळ्याला चर्चची सत्तावीस वर्षांची कॅलेंडरं एकावर एक टांगलेली. प्रत्येक तारखेवर निळ्या पेनाची बारीक खूण. ज्या दिवशी थेंब पुढे टाकला त्या दिवशी खूण. सगळ्या वर्षांत मिळून नऊ तारखा कोऱ्या होत्या. त्या दिवशी नळी फ्रीजमध्ये राहिली. त्याची बायको मरियम गेली त्या तारखेवरही खूण होती, तिच्या दुसऱ्या दिवशी नव्हती. धनश्री खाली बसून ती पानं उलटत होती आणि रडत होती. मी मनात हिशोब करत होते की मी सत्तावीस वर्षांत नेमाने काय केलं.

धनश्रीने नळीतला थेंब पुण्याला नेला आणि त्या जिवाणूंचा अख्खा जीनोम वाचून काढला. जीनोम म्हणजे सगळ्या जनुकांची मिळून पोथी, जिवाणूने कसं जगायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं. ती फोनवर अर्धा तास बोलत होती. याच जातीच्या इतर जिवाणूंच्या मानाने पोथी आखूड झालेली वाटत होती. कवच कसं करायचं ती पानं जागोजागी फाटलेली, पोहण्याची शेपटी कशी करायची तीही गेलेली, आणि कढणातलं अन्न आत ओढण्याचं पान मात्र तीनदा लिहिलेलं.

यात जादू काही नाही. मी वर्गात दरवर्षी हेच शिकवते. पोथीची नक्कल होताना चुका होतातच. रानात ज्याची कवचाची पानं फाटली तो पहिल्या दुष्काळात मरतो. पण प्रभुदासच्या नळीत दुष्काळ येतच नव्हता. कवचाचा खटाटोप करत बसणाऱ्यापेक्षा तो खटाटोप न करणारा जरा लवकर वाढतो, संध्याकाळपर्यंत त्याची पोरं जास्त होतात, आणि सकाळच्या थेंबात त्यांचीच भरती असते. असं रोज, नऊ-दहा हजार सकाळी. ऊसतोडीला जाणारं बिऱ्हाड एका जागी घर करून राहिलं की कोपीचं, म्हणजे फडावरच्या पाचटाच्या झोपडीचं, सामान कुठवर सांभाळील? तसंच ते. हे सगळं मला पाठ होतं, मी त्यावर परीक्षेत प्रश्नही काढले होते, आणि ते माझ्या खिडकीत घडत असताना मी त्याला घाण म्हणाले होते.

सुरुवातीला धनश्रीने ई-मेल करून कल्चरची माहिती मागितली तेव्हा मी फणकाऱ्याने उत्तर दिलं होतं, की हे कल्चर विभागाच्या सूचनेविरुद्ध ठेवलेलं आहे, त्याच्याशी विभागाचा संबंध नाही. जूनमध्ये तिने लेखाचा मसुदा पाठवला. लेखकांत पहिलं नाव तिचं, दुसरं प्रभुदासचं. माझं नाव शेवटी, आभारांत, वीज गेल्यावर जनरेटर देणाऱ्या माणसाच्या वर. मीच संबंध नाही म्हटल्यावर ती बिचारी काय करणार? पण मला तेव्हा ती बिचारी वाटली नाही. माती माझ्या बापाची, जिवाणू मी काढलेला, नाव मी दिलेलं, आणि आयत्या बिळावर हा नागोबा. माझे एकोणीस निबंध छापून आलेत. त्यातला एकही नगरच्या पलीकडे कुणी वाचल्याचं माझ्या कानावर नाही. आणि ज्याला जीनोम हा शब्द धड म्हणता येत नाही त्याचं नाव जगभर जाणार. मी चार दिवस नीट जेवले नाही.

मग तिचा फोन आला. “मॅडम, एक मोठी अडचण आहे. १९९७चा मूळ का-७ हवा. सुरुवातीला पोथी कशी होती ते दाखवल्याशिवाय काय गेलं नि काय आलं हे सिद्धच होत नाही. लेख परत येईल. तुम्ही वर्गात त्या मातीच्या ट्यूब दाखवल्या होत्या ना, त्या आहेत ना?”

माझ्या कपाटाची किल्ली माझ्या हातात होती. तिन्ही ट्यूब समोर दिसत होत्या, मेण लावलेल्या, माझ्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली.

“नाहीत गं,” मी म्हणाले. “विभाग हलवला तेव्हा हरवल्या.”

 ती म्हणाली, “मग सगळं संपलंच, मॅडम.” तिचा आवाज ऐकून मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

पण कपाटात ट्यूब असल्या तर उद्या कुणीही बघेल. गुरुवारी चार वाजता सगळे गेल्यावर मी त्या तिन्ही काढल्या, टाकाऊ सामानाच्या टोपलीत घातल्या आणि कुकर लावला. स्पोअर उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, कुकरच्या वाफेपुढे मात्र काही चालत नाही. वीस मिनिटं. मग दिवा बंद करून घरी गेले. रात्री शांत झोप लागली, हेही सांगून टाकते.

शुक्रवारी सकाळी माझ्या टेबलावर तीन ट्यूब उभ्या होत्या. धुतलेल्या, लख्ख, तोंड खाली करून वाळत घातलेल्या. चिठ्ठ्या सोलून काढून पेपरवेटखाली नीट ठेवलेल्या होत्या.

तीस वर्षं ज्या प्रयोगशाळेत काढली तिथं कुकर रोज सकाळी कोण उघडतो, एवढंही मला आदल्या दिवशी सुचलं नव्हतं. सुचणार कसं? मी कधी कुकर उघडलाच नव्हता. मी त्या ट्यूब खणात कोंबल्या आणि दिवसभर मोरीकडे गेले नाही. तो नेहमीसारखा गुणगुणत होता. दुपारी विचारायलाही आला, “मॅडम, उद्याच्या बॅचला किती काचपट्ट्या लागत्याल?” मी आकडा सांगितला. मला वाटलं आता हा धनश्रीला सांगणार, मग प्राचार्यांना. दोन रात्री मी उत्तरं तयार करत होते. नजरचुकीने गेल्या म्हणावं, की जुन्या झाल्या होत्या म्हणावं.

रविवारी साडेअकराला दाराशी सायकल वाजली. प्रभुदास. पांढरा शर्ट, हातात बायबल आणि एक रुमालाची पुरचुंडी. चर्चमधून सरळ आला होता.  मी त्याला बसायला सांगितलं आणि चहा टाकायला आत गेले, कारण समोर उभं राहवेना. चहा घेऊन आले तर त्याने पुरचुंडी सोडून टेबलावर ठेवली होती. आत एक ट्यूब. काठ फुटका. वर पिवळं पडलेलं मेण. आणि माझ्या जुन्या वहीचा फाटका कागद गुंडाळलेला, त्यावर माझ्याच अक्षरात का-७, तेवीस मे १९९७.

“ही एक हुती,” तो म्हणाला. “तुमी फेकून द्या म्हनलं हुतं. मरियमच्या शिवणाच्या मशिनीच्या खणात पडल्याली. काल रातच्याला घावली.”

काल सापडली म्हणणं त्याचं खोटं होतं. ट्यूबवर धुळीचा कण नव्हता. ती कुठं आहे हे त्याला सत्तावीस वर्षं माहीत होतं.

“मग धनश्रीला द्यायची. माझ्याकडं कशाला आणलीत?”

“तिचा फोन आल्ता मला. तुमी हरवली म्हनलाव ना तिला.” त्याने चहा बशीत ओतला. “मग तुमीच सांगा, घावली म्हनून. तुमच्या हातानं द्या. माती तुमचीच हाय.”

तो माझ्याकडे बघत नव्हता, चहावर फुंकर घालत होता. मला वाटलं त्याने ओरडावं. पंधरा वर्षांपूर्वी मी ओरडले होते तसं, माणसांत उभं करून. त्याचा तो हक्क होता आणि मला ते पेलवलं असतं. त्याऐवजी तो बिस्किट बुडवत बसला होता. मी त्याच्यासमोरच धनश्रीला फोन लावला आणि म्हणाले, “सापडली गं एक.” पलीकडून ती इतक्या जोरात बोलायला लागली की त्यालाही ऐकू गेलं. तो हसला आणि रिकामी कपबशी उचलून माझ्या मोरीकडे निघाला. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

महिन्याभराने धनश्रीचा फोन आला. मातीतले स्पोअर सत्तावीस वर्षांनी पाणी नि खाणं मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी उठले होते. कवच, शेपटी, सगळी पानं शाबूत. काही म्हणजे काही गेलं नव्हतं. ती आश्चर्य करत होती, मला त्यात विशेष वाटलं नाही. काष्टीचं आहे ते, सहजी काही सोडत नाही. मलाही शाळेत माझ्या पुढे गेलेल्या मुलींचे मार्क अजून पाठ आहेत.

लेख या जानेवारीत छापून आला. लेखकांत आता तिसरं नाव माझं आहे. लोक अभिनंदन करतात, मी आभार मानते. त्या तीन धुतलेल्या ट्यूब अजून माझ्या खणात आहेत. त्या मुलांना वापरायला देववत नाहीत आणि फेकवतही नाहीत.

मध्यंतरी एका सकाळी मी मुद्दाम साडेआठला गेले. तो खिडकीपाशी उभा राहून थेंब टाकत होता. मी पहिल्यांदाच ते बघत होते. त्याने नळीला बूच लावलं आणि खिडकीशेजारी टांगलेल्या चर्चच्या यंदाच्या कॅलेंडरवर खूण केली. मी धीर करून विचारलं, “प्रभुदास, त्या दिवशी तुम्ही त्या ट्यूब धुवून माझ्या टेबलावर का ठेवल्यात?”

त्याला क्षणभर आठवलंच नाही. मी थट्टा समजले, मग त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो खरोखर आठवत होता.

“त्या व्हय,” तो म्हणाला. “कुकरात हुत्या, धुतल्या. तुमची चिठ्ठी हुती त्यावर, म्हनून तुमच्या टेबलावर ठिवल्या.” आणि मग जुनी नळी टोपलीत ठेवत म्हणाला, “सरा मॅडम, पानी सांडलंय तिथं.”

मी सरले. माझं नाव त्याच्याखाली छापलं गेलं याचा मला आता फारसा त्रास होत नाही. पण मी केलेलं त्याने मनात ठेवलंच नाही, ते त्याच्यापाशी उरलंच नाही, याचा मला इतका हेवा वाटतो की त्या दिवसानंतर मी पुन्हा साडेआठला गेलेले नाही.